रिपोर्टमध्ये सगळीकडे 'आर' आलंय, मग आता इंजेक्शनच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे, सुदामा नगरच्या एका ताईंचा. सासूबाई ६८ वर्षांच्या, बारा वर्षांपासून शुगर. जानेवारीत लघवीला जळजळ झाली तेव्हा मेडिकलवरून सिप्रोफ्लॉक्सासिन आणून पाच दिवस दिलं, बरं वाटलं. मार्चमध्ये परत तेच, तेव्हा सेफिक्सिम. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्याच्या तपासण्यांत यूरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) झालं आणि रिपोर्ट आला की ई. कोलाय नावाचा जंतू, मिलिलिटरमागे १ लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह, अठरा औषधांपैकी अकरांसमोर आर, म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला जुमानत नाही. आत्ता त्रास काहीच नाही. एका डॉक्टरांनी सात दिवस रोज एक इंजेक्शन सांगितलं, दुसरे म्हणाले काही करू नका. कोणाचं ऐकायचं, आईंच्या शरीराला अँटिबायोटिकची सवय झालीय का, आणि घरात चार वर्षांचा नातू आहे त्याला काही होणार नाही ना.

ताई, मी इंदुरात चोवीस वर्षं मायक्रोबायोलॉजीची लॅब बघतेय आणि त्यातला अर्धा वेळ लघवीच्या कल्चरांतच गेलाय, घरी यावरून भरपूर थट्टा होते. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही त्यामुळे औषध लिहून देणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते नक्की सांगते.

आधी ते सवयीचं, कारण हे मला रोज ऐकू येतं. शरीराला औषधाची सवय होत नाही हो. आईंचं शरीर आहे तसंच आहे, बदललेत ते जंतू, आणि ते जंतू आलेत त्यांच्याच आतड्यातून. ई. कोलाय हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा प्राणी आहे, थिओडोर एशरिखने १८८५ मध्ये तो बाळांच्या शीमध्येच पहिल्यांदा पाहिला होता. तिथे असतो तोवर काही बिघडवत नाही. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, त्यामुळे तिथून मूत्राशयात शिरणं त्याला सोपं जातं, आणि साध्या यूरिन इन्फेक्शनपैकी दहात सात-आठ वेळा तरी हाच असतो. बाकी क्लेबसिएला, प्रोटियस, एन्टेरोकॉकस वगैरे. (क्लेबसिएलाच्या काही कॉलन्या प्लेटवर इतक्या चिकट असतात की लूपने उचलल्या की गुळाच्या पाकासारखी तार येते, नव्या मुलींना मी एकतारी पाक बघायचा तर या म्हणून बोलावते.)

तर आतड्यात हे कोट्यवधी जंतू राहतात आणि त्यांच्यातले थोडे आधीपासूनच औषधाला न जुमानणारे असतात. तुम्ही सिप्रो दिलंत ते मूत्राशयातल्या जंतूंवर चाललं पण ते आतड्यातही गेलंच ना. तिथले साधे ई. कोलाय मेले आणि जागा मोकळी झाली ती न मरणाऱ्यांसाठी. निंदणी करताना पीक उपटलं आणि गाजरगवत ठेवलं तर पुढच्या पावसात वावरात काय दिसेल? तेच. मार्चमध्ये सेफिक्सिम दिलं तेव्हा दुसरी निंदणी झाली. आणि नुसत्या या दोनच नाहीत, गेल्या वर्षभरात सर्दीला घेतलेलं अझिथ्रोमायसिन, दाढ काढताना घेतलेलं अमॉक्सिसिलिन, सराफ्यात रात्री खाऊन सकाळी जुलाब लागले म्हणून घेतलेली ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी, हे सगळं आतड्यातूनच जातं. ओफ्लॉक्सासिन तर सिप्रोचंच सख्खं भावंड. लोक म्हणतात मॅडम यूरिनसाठी तर हे पहिल्यांदाच घेतलं, मग आर कसं? यूरिनसाठी पहिल्यांदा घेतलं, पण जंतूंनी ते आधी चारदा पाहिलेलं असतं.

आता ईएसबीएल. पेनिसिलिन आणि सेफ असं नाव असलेली बहुतेक औषधं, सेफिक्सिम, सेफ्ट्रिअक्सोन, सेफ्युरॉक्झिम, ही सगळी एका खानदानातली, त्यांच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं आणि त्या कड्यावरच त्यांची ताकद असते. ईएसबीएल म्हणजे जंतूने तयार केलेलं असं एन्झाइम जे हे कडं तोडून टाकतं. आपल्याकडे यातला सीटीएक्स-एम-१५ नावाचा प्रकार फार पसरलेला आहे. लॅबमध्ये आम्ही काय करतो, प्लेटवर जंतू पसरवतो, त्यावर औषधाच्या छोट्या टिकल्या ठेवतो, रात्रभर ३५ डिग्रीला ठेवून सकाळी बघतो की टिकलीभोवती किती मिलिमीटरपर्यंत जंतू वाढला नाही. सेफ्टाझिडिमची एक साधी टिकली आणि एक क्लॅव्युलॅनिक ॲसिड घातलेली, कारण क्लॅव्युलॅनिक ॲसिड ते एन्झाइम अडवतं. दुसऱ्या टिकलीभोवतीचं रिंगण ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं की ईएसबीएल पॉझिटिव्ह. मोठ्या लॅबांत मशीन असतं, पण तत्त्व हेच, औषध आणि जंतू समोरासमोर ठेवायचे.

यात खरी मेख अशी की हा गुण जंतूच्या मुख्य डीएनएत असलाच पाहिजे असं नाही, बऱ्याचदा तो प्लाझ्मिड नावाच्या एका वेगळ्या छोट्या गोल तुकड्यावर असतो आणि तो तुकडा एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. शेजारणीकडून विरजण आणतो ना तसं. तिचं दही काही कमी होत नाही आणि आपल्या घरी मात्र आता रोज दही लागायला लागतं. ई. कोलायकडून क्लेबसिएलाला सुद्धा हे विरजण जातं, जात-गोत काही आड येत नाही. आणि त्या एकाच तुकड्यावर पुष्कळदा इतर औषधांविरुद्धचेही गुण बांधलेले असतात, म्हणून आईंनी कोट्रायमॉक्साझोल कधी घेतलं नसेल तरी त्याच्यासमोर आर आलेलं असू शकतं. एक औषध घेतलं की त्या गाठोड्यातले सगळेच गुण टिकून राहतात. सिप्रोचं थोडं वेगळं, तिथे मुख्यतः जंतूच्या स्वतःच्या जीनमध्ये बदल होतो, औषध ज्या ठिकाणी जाऊन चिकटतं ती जागाच बदलते.

रिपोर्टवर एस (औषध चालतं), आय (मधलं), आर (चालत नाही) च्या शेजारी आकडे असतील तर त्यांची आपापसांत तुलना करू नका ही हात जोडून विनंती. लोक सगळ्यात लहान आकडा शोधतात आणि तेच औषध जास्त चांगलं असं धरून मेडिकलवर जातात. तो आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण, पण प्रत्येक औषधाची पास-नापासची रेघ वेगळी असते. ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइन ३२ आलं तरी एस आणि सिप्रो १ आलं की आर, कारण नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर साठतं. आणि एस लिहिलंय म्हणजे ते औषध तुम्हाला योग्यच असंही नाही. टायजेसायक्लिनसमोर एस बघून खूश झालेले पेशंट मी पाहिलेत, ते औषध लघवीत पुरेसं पोचतच नाही. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचं तर मोठं उदाहरण आहे, २०१८ साली मेरिनो नावाची ट्रायल छापून आली, त्यात रक्तात असे सेफ्ट्रिअक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला असलेले पेशंट घेतले होते, लॅबच्या रिपोर्टात पिपरॅसिलिन एस होतं, तरी ३० दिवसांत त्या गटात १२.३ टक्के लोक गेले आणि मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के. ते रक्तातल्या गंभीर इन्फेक्शनचं होतं, साध्या जळजळीला लावू नका, पण एस हे अक्षर म्हणजे काही गॅरंटी कार्ड नाही इतकं यातून कळतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. इंजेक्शन की काहीच नाही?

तुम्ही लिहिलंय की आईंना आत्ता जळजळ नाही, ताप नाही, कमरेत दुखत नाही. मग ताई, हे इन्फेक्शनच नाही असं समजायला भरपूर जागा आहे. लघवीत जंतू असणं आणि लघवीचं इन्फेक्शन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्तरीच्या आसपासच्या बायकांत, त्यातून शुगर असेल तर, दहात एकीला तरी काही त्रास नसताना कल्चर पॉझिटिव्ह येतं. पस सेल (लघवीतल्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असले तरी तेच, नुसत्या पस सेलवर औषध द्यायचं नसतं. त्रास नसताना उपचार करायचे ते मुख्यतः दोन ठिकाणी, बाई गरोदर असेल तर आणि मूत्रमार्गातच दुर्बीण वगैरे घालून काही करायचं असेल, आतून थोडंफार रक्त येईल असं, तर. गुडघ्याचं ऑपरेशन यात बसत नाही. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की मूत्रमार्गाशी संबंध नसलेल्या ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी हे कल्चर करूच नका आणि पॉझिटिव्ह आलंच तर त्रास नसताना औषध देऊ नका. तरी ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ते असतंच. माझ्या लॅबचा त्यात फायदा आहे तरी सांगते, निम्मी कल्चरं व्हायलाच नकोत.

इंजेक्शन सांगणारे डॉक्टर चुकीच्या हेतूने सांगतायत असं मात्र बोलू नका. सर्जनला भीती असते की सांध्यात इन्फेक्शन गेलं तर बसवलेला गुडघा काढावा लागेल, आणि ती भीती खोटी नाही. पण लघवीतले जंतू आधी मारून सांध्याचं इन्फेक्शन कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ऑपरेशनची चीर देण्याआधी जे एक अँटिबायोटिक शिरेतून देतात ते वेगळं, ते त्वचेवरच्या जंतूंसाठी असतं, ते घ्यायचंच, त्याला नाही म्हणू नका.

रोज एकदा सात दिवस म्हणजे बहुतेक एर्टापेनेम असणार. मेरोपेनेम, इमिपेनेम, एर्टापेनेम या घराण्याला कार्बापेनेम म्हणतात, ईएसबीएलवर हमखास चालणारं औषध हेच. त्रास नसताना ते दिलं की परत निंदणी आलीच, फक्त यावेळी आतड्यात मागे राहतील ते कार्बापेनेमलाही न जुमानणारे. असे जंतू आहेत आणि आपल्या देशात आहेत. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका पेशंटच्या लघवीत, दिल्लीत उपचार घेऊन परत गेलेल्या, क्लेबसिएला सापडला होता ज्याने कार्बापेनेम तोडणारं एन्झाइम बनवलं होतं, त्याचं नाव एनडीएम-१, त्यात एनडी म्हणजे न्यू दिल्ली. नावावरून तेव्हा आपल्याकडे फार गदारोळ झाला, नाव बरोबर की चूक यावर चर्चा भरपूर, आणि मेडिकलवरून अँटिबायोटिक मिळणं बंद काही झालं नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ नावाची औषधांची यादी आली, सेफिक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम ही त्यात आहेत, दुकानदाराने चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं आणि ते तीन वर्षं ठेवायचं असा नियम आहे. तुमच्याकडे सेफिक्सिम आणताना कोणी रजिस्टर उघडलं होतं का? आपल्या मध्य प्रदेशाने तर २०१९ मध्येच औषधांना न जुमानणाऱ्या या जंतूंवर राज्याचा ॲक्शन प्लॅन काढला, केरळनंतर आपणच. कागदावर आपण पुढे आहोत.

बरं, पुढे कधी आईंना खरंच त्रास झाला तर? तेव्हा कुठे आहे ते बघायचं. नुसती जळजळ, वारंवार लागणं, ओटीपोटात दुखणं आणि ताप नाही, म्हणजे प्रकरण मूत्राशयापुरतं आहे. अशा वेळी जंतू ईएसबीएल असला तरी नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एक पुडी एकदाच, यावर बहुतेक वेळा भागतं, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) गाइडलाइनमध्येही हीच पहिली औषधं आहेत. तुमच्या रिपोर्टमधल्या उरलेल्या सातांत ती असण्याची शक्यता खूप आहे, बघा. मला स्वतःला नायट्रोफ्युरँटॉइनचं कौतुक वाटतं, १९५३ पासून वापरात आहे, दिसायला जुनाट पिवळं औषध, लघवी गडद करतं, काहींना मळमळ होते, पण ते जंतूच्या एका जागी नाही तर बऱ्याच ठिकाणी एकदम घाव घालतं म्हणून सत्तर वर्षांत ई. कोलायला त्याचा तोड नीट सापडलेला नाही. शिवाय ते वरच लवकर शोषलं जाऊन लघवीत उतरतं त्यामुळे आतड्यात गोंधळ कमी. पण किडनी फार कमी काम करत असेल तर ते चालत नाही, आईंना बारा वर्षांची शुगर आहे तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघूनच. आणि प्रोटियसवर ते मुळातच चालत नाही.

थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत दुखणं, उलट्या, असं असेल तर जंतू किडनीपर्यंत गेलाय, तिथे नायट्रोफ्युरँटॉइन किंवा ती पुडी देऊन उपयोग नाही कारण ती किडनीच्या मांसात आणि रक्तात पुरेशी चढत नाहीत. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना, आणि तेव्हा तेच इंजेक्शन, जे आज नको म्हणतेय, ते बिनतक्रार घ्यायचं. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

एक अजून, आईंच्या शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, औषध चांगलं आहे, हृदयाला किडनीला उपयोगी आहे, पण काही बायकांना त्याने बाहेरच्या जागी बुरशी होते, खाज आणि आग होते आणि घरचे ते यूरिन इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक देतात, त्याने बुरशी अजून वाढते. जानेवारीत नक्की काय होतं, आतून जळजळ की बाहेरून खाज, हे आईंना विचारा. सासूला विचारायला अवघड वाटतं माहितेय, तरी विचारा, नणंदेला विचारायला सांगा.

आणि पाणी. गुडघे दुखणाऱ्या बायका पाणी कमी पितात हे कोणी लिहीत नाही पण मी वर्षानुवर्षं बघतेय. संडासात उठून जायचं म्हणजे कळा येतात, रात्री कोणाला उठवायचं, मग संध्याकाळी सहानंतर पाणीच बंद, आणि इंदूरच्या मे महिन्यात दिवसभरात चार पेले. २०१८ ला एक चांगला अभ्यास झाला होता, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या १४० बायका, अर्ध्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, वर्षभरात त्यांची इन्फेक्शनं साधारण निम्मी झाली. त्यातल्या बायका तरुण होत्या आणि आईंना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवा, पण अँटिबायोटिकशिवाय इतका फरक पाडणाऱ्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. दुसरी म्हणजे पाळी गेलेल्या वयाच्या बायकांसाठी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम, त्याने तिथले चांगले लॅक्टोबॅसिलस परत येतात आणि ई. कोलायला शिरकाव कमी मिळतो, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना नक्की विचारा. क्रॅनबेरीने काहींना फायदा होतो. डी-मॅनोजच्या पुड्या महाग आहेत आणि २०२४ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये त्यांचा फायदा दिसला नाही, ते पैसे वाचवा.

नातवाचं टेन्शन घेऊ नका. ईएसबीएल जंतू हवेतून उडत नाही, आईंच्या मांडीवर बसून होत नाही, आणि खरं सांगायचं तर तो घरातल्या अजून एक-दोघांच्या आतड्यात आधीच असेल. संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात, बास. आईंचे कपडे वेगळे, ताट वेगळं असलं काही करू नका, म्हाताऱ्या माणसाला ते फार लागतं. बाकीच्यांच्या तपासण्याही नकोत. आतड्यातले हे जंतू औषधाने घालवता येत नाहीत, अँटिबायोटिकपासून लांब राहिलं तर बऱ्याच जणांत काही महिन्यांत ते आपोआप मागे पडतात.

पुढच्या वेळी कल्चर द्यायची वेळ आलीच तर गोळी सुरू करायच्या आधी द्या, एक गोळी पोटात गेली तरी वाढ येत नाही कधी कधी आणि मग आम्ही सगळे अंदाजपंचे. पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धार, लॅबमधल्याच निर्जंतुक डबीत. माझ्याकडे मुरांब्याच्या बरणीत आणि गुलाबपाण्याच्या बाटलीत नमुने आलेले आहेत. मुख्य म्हणजे दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा, नीट पिशवीत बांधून, श्रीखंडापासून लांब. ई. कोलाय अनुकूल हवेत वीस मिनिटांत दुप्पट होतो, ४२ डिग्रीत स्कूटरच्या डिकीत चार तास फिरलेल्या डबीत हजाराचे लाख व्हायला कितीसा वेळ लागतो, आणि मग त्या लाखावर उपचार सुरू होतात.

सर्जनकडे जाल तेव्हा भांडू नका, इतकंच विचारा की आईंना लघवीचा काही त्रास नाहीये, तरी हे इंजेक्शन हवंय का आणि कशासाठी, आणि ऑपरेशन यासाठी पुढे ढकलायची गरज आहे का. जानेवारी-मार्चला कोणती औषधं किती दिवस घेतली ते एका कागदावर लिहून न्या, हा रिपोर्टही सोबत, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि लघवीची नळी घालणार असतील तर ती कधी काढणार हे आधीच विचारून ठेवा, कारण नळी राहिलेल्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरायची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते, आणि नर्सिंग स्टाफ कामात असला की ती नळी अजून एक दिवस, अजून एक दिवस अशी राहून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच आठवण करा.